अंड्यातल्या रक्तवाहिन्या : कोणती राहते, कोणती जाते



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हातातली वस्तू बरी, असे ते मानत. म्हणून मी आज असा विषय घेतला आहे, ज्याची सामग्री गोंदिया जिल्ह्यात तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुठल्याही घराच्या परसात मिळेल. खुडूक कोंबडीखाली बसवलेले अंडे आणि त्यात वाढणाऱ्या पिलाच्या रक्तवाहिन्या हा तो विषय. त्या कशा घडतात, हे तर सांगायचेच आहे; पण त्यांतल्या कितीतरी घडून पुन्हा मोडतात, त्या का मोडतात आणि कोणाच्या सांगण्यावरून मोडतात, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. कारण रक्तवाहिनी एकदा तयार झाली की ती कायमची, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. रक्तवाहिनीला जन्मायला जसा निरोप लागतो, तसा टिकून राहायलाही लागतो. हे निरोप प्रथिनांच्या रूपात पेशीकडून पेशीकडे जात असतात. ते थांबले की वाहिनी मोडते, आणि भलत्या वेळी भलत्या जागी आले की नको तिथे वाहिनी उगवते. या दुसऱ्या गोष्टीचा आपल्या जिल्ह्यातल्या एका आजाराशी संबंध आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी अंडे उघडून पाहू. किराणा दुकानातले अंडे इथे चालत नाही, ते फलित नसते. गावातल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा असेल तर तिथले अंडे घ्यायचे. ते साडेसदतीस-अडतीस अंश तापमानात आडवे ठेवून तीन दिवस उबवायचे. मग सुईने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली सरकतो. आणि वरच्या बाजूला कवचाला छोटी खिडकी पाडायची. पिवळ्या बलकावर मधोमध एक काचेसारखा पारदर्शक, वाकलेला जीव दिसतो, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा. डोक्याच्या जागी डोळ्याचा गोल उठलेला असतो. छातीच्या जागी एक लाल ठिपका धडधडत असतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. भ्रूणाच्या दोन्ही अंगांनी दोन मोठ्या वाहिन्या काटकोनात निघून बलकावर पसरतात, त्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या, आणि या साऱ्या जाळ्याला कडेने एक गोल वाहिनी कुंपण घालते. साधे भिंग धरले तर बारीक वाहिन्यांतून रक्ताचे कण एकामागून एक सरकताना दिसतात. पिलाला अजून चोच नाही, पाय नाहीत, पंखाच्या जागी नुसता उंचवटा आहे. रक्ताभिसरण मात्र सुरू झाले आहे.

हे दृश्य माणसाने फार पूर्वीच पाहिले. ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून तिसऱ्या दिवशी हलणारा रक्ताचा ठिपका पाहिला आणि लिहून ठेवला. सतराव्या शतकात हार्वे आणि माल्पिघी यांनी कोंबडीच्या भ्रूणावर ग्रंथ लिहिले. १८१७ साली ख्रिश्चन पांडर याने भ्रूणाचे तीन स्तर ओळखले आणि बलकावर पडणारे लालसर ठिपके नोंदवले. आपण आज त्यांना रक्तद्वीपे म्हणतो. रक्तपेशी आणि वाहिनीच्या भिंतीच्या पेशी, दोन्ही या द्वीपांतच आकार घेतात.

या पूर्वसूरींमध्ये फ्लॉरेन्स सेबिन यांच्याविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१७ साली पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोपर्यंत लोक भ्रूण मारून, त्याचे काप करून, रंगवून पाहत. सेबिन यांनी काचपट्टीच्या खाली लोंबणाऱ्या थेंबात कोंबडीचा जिवंत भ्रूण ठेवला, सूक्ष्मदर्शक उबदार पेटीत बसवला आणि रात्रभर जागून पाहत राहिल्या. सुट्या पेशी एकत्र येऊन त्यांच्या दोऱ्या होतात, दोऱ्यांच्या आत पोकळी पडते, पोकळ्या जोडल्या जाऊन नळी होते, आणि मग हृदयाचा पहिला ठोका पडतो, हे त्यांनी प्रत्यक्ष बघितले. १९२० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पेशी जिवंत असताना तिच्याकडे धीराने पाहणे हेच त्यांचे साधन होते. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे नाव आवर्जून सांगतो.

पण सुट्या पेशींना एकत्र या असे सांगते कोण? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली, आणि ते आले कर्करोगाच्या बाजूने. गाठ वाढायची तर तिला रक्त लागते, म्हणून ती आसपासच्या वाहिन्यांना काहीतरी निरोप धाडत असली पाहिजे, असे बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. १९८३ साली सेंगर आणि ड्वोरॅक यांना गाठीच्या द्रवात वाहिन्यांतून पाझर वाढवणारे एक प्रथिन सापडले. १९८९ साली नेपोलिओन फेरारा यांनी वाहिनीच्या पेशींची वाढ करणारे प्रथिन वेगळे काढले, आणि दोन्ही एकच निघाली. त्याचे आजचे नाव व्हीईजीएफ. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना वाढवणारा घटक, एवढाच त्या नावाचा अर्थ.

निरोप आहे म्हणजे तो घेणाराही हवा. पेशीच्या पृष्ठभागावर व्हीईजीएफला धरणारी ग्राहक प्रथिने असतात. पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्न येथे निकोल ल दुआरँ यांच्या संस्थेत जपानी लाव्यावर, म्हणजे बटेरावर, मोठे काम झाले. लाव्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवल्या तर त्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखू येतात, हे त्यांना १९६९ साली कळले होते. त्यामुळे कुठली पेशी कुठून निघाली आणि कुठे पोचली, याचा माग काढणे शक्य झाले. तिथेच ॲन आयकमन यांनी लाव्यातली व्हीईजीएफची ग्राहक प्रथिने शोधली. १९९७ साली त्यांनी दाखवलेली गोष्ट मला फार सुंदर वाटते. कोवळ्या भ्रूणातून हे ग्राहक धारण करणारी एकेक पेशी वेगळी काढून वाढवली. व्हीईजीएफ दिले तेव्हा ती वाहिनीच्या अस्तराची पेशी झाली. ते नव्हते तेव्हा रक्ताच्या पेशी तयार झाल्या. एकाच पेशीचे भवितव्य एका निरोपावर फिरले.

या निरोपाचे माप फार काटेकोर असते. उंदराच्या भ्रूणात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत बिघडवली, म्हणजे प्रथिन निम्म्यावर आले, तरी भ्रूण गर्भातच मरतो. १९९६ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे हे सिद्ध केले. उलट बाजूने १९९५ साली ड्रेक आणि लिटल यांनी लाव्याच्या भ्रूणात हे प्रथिन जादा टोचले, तर वाहिन्या एकमेकींत मिसळून फुगलेल्या पिशव्या झाल्या. निम्मे पुरत नाही आणि दुप्पट सोसत नाही. शरीरातल्या फार थोड्या पदार्थांच्या बाबतीत इतकी तंतोतंत शिस्त आहे.

पुढचा निरोप अँजिओपोएटिन या प्रथिनांचा. त्यातले पहिले वाहिनीची भिंत घट्ट धरून ठेवते, बाहेरून आधार देणाऱ्या पेशींना चिकटवते. दुसरे हा घट्टपणा सैल करते. आता सैल झालेल्या वाहिनीजवळ व्हीईजीएफ हजर असेल तर तिला नवी फांदी फुटते. ते हजर नसेल तर तीच वाहिनी कोलमडून नाहीशी होते. म्हणजे फुटणे आणि मोडणे यांची सुरुवात एकच असते. पुढे कोणता निरोप येतो त्यावर शेवट ठरतो. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

प्रथिनांइतकाच मोठा दुसरा अधिकारी आहे, तो म्हणजे खुद्द वाहते रक्त. रिचर्ड थोमा याने १८९३ सालीच कोंबडीच्या भ्रूणावरून मांडले की ज्या वाहिनीतून वेगाने रक्त वाहते ती रुंदावते आणि जिच्यातून वाहत नाही ती आक्रसते. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या बांध्यांमध्ये हे कोणीही पाहिले असेल : ज्या पाटातून पाणी जोराने जाते तो रुंद होत जातो, आणि ज्याला पाणी मिळत नाही तो एका हंगामात गाळाने बुजतो. १९१८ साली चॅपमन यांनी भ्रूणाचे हृदय रक्त वाहू लागण्याआधीच काढून टाकले. वाहिन्यांचे साधे जाळे तरीही तयार झाले, पण त्यातून मोठ्या खोडांचे आणि लहान फांद्यांचे झाड झाले नाही. पहिली आखणी प्रथिने करतात, पुढची छाटणी रक्ताच्या प्रवाहाने होते, हे यावरून कळले.

धमनी आणि शीर या दोन जन्मजात वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. १९९८ साली धमनीच्या पेशींवर एफ्रिन-बी२ आणि शिरेच्या पेशींवर त्याचा जोडीदार ईफबी४, अशी दोन वेगळी प्रथिने सापडली, तेव्हा हा समज आणखी पक्का झाला. मग २००४ साली ल नोब्ल, आयकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणात बलकाकडे जाणाऱ्या एका बाजूच्या धमनीत रक्त जाणे थांबवले. तिकडे शिरांच्या बाजूने रक्त शिरू लागले, आणि धमनीच्या पेशींवरची धमनीची ओळख पुसून शिरेची ओळख उमटली. प्रवाह पूर्ववत केला की पुन्हा धमनीची ओळख परतली. वाढीच्या नेहमीच्या क्रमातही धमनीच्या काही बारीक फांद्या मूळ खोडापासून तुटतात आणि नंतर शिरांच्या जाळ्याला जाऊन मिळतात, हेही त्यांनी चित्रित केले. वाहिनीची ओळख जन्मजात शिक्का मारल्यासारखी नसते. प्रवाह ती घडवतो आणि बदलतोही.

आता मोडण्याकडे वळतो. कोंबडीच्या पंखाचा कोंब फुटतो तेव्हा तो सगळा बारीक वाहिन्यांनी भरलेला असतो. जिथे पुढे हाड व्हायचे, तिथे आधी कूर्चा तयार होते, आणि कूर्चेला रक्तवाहिनी चालत नाही. म्हणून त्या नेमक्या पट्ट्यातल्या वाहिन्या आधी नाहीशा होतात. फाइनबर्ग आणि बीब यांनी १९८३ साली दाखवले की तिथे साठणारा हायल्युरोनिक आम्ल हा साखरेच्या लांब साखळीचा पदार्थ वाहिन्यांना हुसकावतो. तो पंखात दुसरीकडे ठेवला तर तिथेही वाहिन्या मावळतात. आपल्या ताटातल्या कोंबडीच्या पंखातले हाड वाहिन्या मागे सरल्यामुळे तिथे बसले आहे.

डोळ्याचा काचेसारखा पडदा, म्हणजे पारपटल, हा दुसरा निषिद्ध प्रदेश. त्यात वाहिनी शिरली तर दृष्टीच जाते. कोंबडी आणि लावा यांच्या भ्रूणांवर अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात झालेल्या कामात असे दिसले की सेमाफोरिन-३ए नावाचे प्रथिन व्हीईजीएफच्या ओढीने येणाऱ्या पेशींना तिथे अडवून धरते. पक्ष्यांनी तर आणखी पुढची सोय केली आहे. आपल्या दृष्टिपटलावर वाहिन्यांचे जाळे असते आणि त्याची सावली पडते. पक्ष्यांच्या दृष्टिपटलावर वाहिन्या नसतातच. त्याऐवजी डोळ्याच्या आत घड्यांचा एक काळपट, वाहिन्यांनी गच्च भरलेला अवयव असतो आणि तो दृष्टिपटलाचे पोषण करतो. आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या तीक्ष्ण नजरेत या रिकाम्या जागेचाही वाटा आहे.

पाठीच्या कण्याखालच्या महाधमनीची गोष्टही अशीच. सुरुवातीला अशा दोन धमन्या असतात, उजवी आणि डावी, आणि पुढे त्या मध्यावर येऊन एक होतात. मध्यभागी असलेला पृष्ठरज्जू नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सोडतो. ती बीएमपी नावाच्या दुसऱ्या निरोपाला धरून निष्प्रभ करतात, त्यामुळे मधला पट्टा काही काळ वाहिन्यांना बंद राहतो. ही मनाई उठली की दोन्ही धमन्या जवळ येतात.

आणि हृदयातून निघणाऱ्या कमानी! माशाच्या कल्ल्यांना रक्त देणाऱ्या वाहिन्यांचा आराखडा पक्ष्याच्या आणि माणसाच्या भ्रूणातही उमटतो : गळ्याच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या जोड्या, एकापाठोपाठ एक. पहिल्या मोडू लागतात, तोवर पुढच्या अजून यायच्या असतात. त्यांतल्या बहुतेक मोडतात. चौथ्या जोडीतली डावी कमान माणसात उरते आणि तीच आपल्या महाधमनीचे वळण होते. पक्ष्यांत डावी जाते आणि उजवी उरते. सरड्यासापांत दोन्ही उरतात. याच गोंदियाच्या बाजारात कोंबडी सोलून ठेवलेली असेल, तिच्या हृदयातून निघालेली मोठी धमनी उजवीकडे वळते. विकत घ्यायला गेलात तर एकदा नीट पाहा.

एक बाजू का उरते आणि दुसरी का जाते, याचा उलगडा २००७ साली यशिरो, हामादा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणात केला. हृदयाच्या निर्गममार्गाला पीळ पडतो, त्यामुळे एका बाजूच्या कमानीत जास्त रक्त जाते. जिथे प्रवाह भरपूर तिथे व्हीईजीएफच्या आणि पीडीजीएफ या दुसऱ्या वाढघटकाच्या ग्राहकांचा निरोप चालू राहतो. जिथे प्रवाह मंदावतो तिथे तो क्षीण होतो आणि कमान मोडते. त्यांनी उरणाऱ्या बाजूचा प्रवाह बांधून टाकला तर नेहमी मोडणारी बाजू उरली. प्रवाह आणि प्रथिन हे दोन अधिकारी एकाच कागदावर सही करतात, असे इथे दिसते. हा क्रम चुकला की बाळ हृदयाचा दोष घेऊन जन्मते. म्हणून बालहृदयतज्ज्ञांना कोंबडीच्या अंड्यात इतका रस असतो.

अंड्यातली सर्वांत मोठी मोड मात्र अगदी शेवटी होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून भ्रूणाच्या पोटातून एक पिशवी बाहेर येते, कवचाच्या आतल्या बाजूला चिकटते आणि बाराव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळे कवच आतून अस्तरासारखे व्यापते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून येणारा प्राणवायू या पिशवीतल्या वाहिन्या घेतात. पिलाची फुप्फुसे तेव्हा कामाला लागलेली नसतात, ही पिशवीच त्याचे फुप्फुस. वाहिन्यांच्या वाढीचा अभ्यास करणारी जगातली हजारो कामे याच पडद्यावर झाली, कारण त्यावर औषधाचा थेंब टाकून वाहिन्या वाढल्या की आटल्या ते डोळ्यांनी पाहता येते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू चोचीने आतला पडदा फाडून बोथट टोकाच्या हवेच्या पोकळीत तोंड घालते आणि पहिला श्वास घेते. फुप्फुसाकडे रक्त वळते, पिशवीकडचा ओघ आटतो, वाहिन्या आक्रसून कोरड्या पडतात. एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येते. टोपलीतल्या तणसावर पडलेले ते रिकामे कवच उचलून उजेडात धरा. आतल्या वाळलेल्या पापुद्र्यावर तांबूस-तपकिरी रेषांची झाडे दिसतील. विसाव्या दिवसापर्यंत पिलाला जगवणाऱ्या वाहिन्या पिलाने तिथेच टाकून दिलेल्या असतात.

परसवाडा-झिलमिलीच्या बाजूला, वैनगंगा आणि बाघ नदीच्या काठच्या धानबांध्यांत घरटे करणाऱ्या आपल्या सारसाच्या अंड्यातही हेच सगळे घडते. फक्त त्याला एकवीस दिवसांऐवजी महिनाभर लागतो, आणि घरट्यात अंडी असतात एक किंवा दोन. महाराष्ट्रात सारस जवळजवळ आपल्यापाशीच उरला आहे. पहिल्या दोन-चार दिवसांत, रक्तवाहिन्यांची आखणी चालू असताना, अंडे थंड पडले तर आखणी थांबते. म्हणून घरट्यावरून सारसाला उठवू नका, फोटोसाठीही नको. ज्या शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचे धान तसेच उभे ठेवले, त्यांचे या जिल्ह्यावर ऋण आहे.

आता वाहिन्यांची मोड भलत्या वेळी कशी घडवली गेली, ते सांगतो. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आले, गरोदरपणातल्या मळमळीवर दिले गेले आणि १९६१ साली मागे घेतले गेले. तोवर जगात दहा हजारांहून अधिक मुले खुरटलेल्या हातापायांची जन्मली. असे का झाले, याचे एक उत्तर ॲबर्डीनमध्ये नील वार्गेसन यांच्या गटाने २००९ साली कोंबडीच्या भ्रूणात शोधले. या औषधाशी जवळचे नाते असलेला एक रेणू त्यांनी वापरला. ज्या वाहिन्यांभोवती स्नायूंचे वेष्टन झाले होते त्या टिकल्या. कोवळ्या, उघड्या वाहिन्या गळून गेल्या. हातापायांचे कोंब फुटतात त्याच दिवसांत तिथल्या वाहिन्या सर्वांत कोवळ्या असतात. हेच संपूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. थॅलिडोमाइडमुळे पेशीतले सॉल४ हे प्रथिन नष्ट होते, हे २०१८ साली कळले आणि तो धागाही भक्कम आहे. पण विदर्भात हे औषध आजही लागते. कुष्ठरोगातल्या एका तीव्र प्रतिक्रियेवर ते गुणकारी ठरते. गरोदर होण्याची शक्यता असलेल्या कुठल्याही स्त्रीच्या हाती ते पडता कामा नये, हे तिच्या घरच्यांनाही समजावून सांगितले पाहिजे.

हे सारे परदेशात झाले आणि आपण नुसते वाचत बसलो, असे समजू नका. भ्रूण अंड्याबाहेर काचेच्या कडीवर ताणलेल्या पडद्यावर वाढवण्याची डेनिस न्यू यांची पद्धत १९५५ सालची. त्याच दशकात लीला मुल्हेरकर कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन करत होत्या, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी या कामाची परंपरा उभी केली. घड्याळाची काच, काचेची कडी, थोडा पांढरा बलक आणि उबदार पेटी, एवढ्या सामग्रीवर पिढ्या शिकल्या. सुरेंद्र घासकडबी हे त्याच परंपरेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणाबरोबर हायड्रावरही काम केले. गोड्या पाण्यातल्या या इवल्या प्राण्याला रक्त नाही, वाहिनी नाही, हृदय नाही. तरी त्याच्याकडे व्हीईजीएफ आहे, हे या गटाने २०१३ साली दाखवले, आणि तोडलेले डोके पुन्हा उगवताना ते कामी येते हे पुढे दाखवले. म्हणजे हा निरोप रक्तवाहिन्यांहून कितीतरी जुना आहे. वाहिन्या नंतर आल्या आणि त्यांनी आधीपासून चालत असलेला निरोप उचलला. २००५ साली पुण्याच्याच सविता दातार आणि रमेश भोंडे यांनी कवचाबाहेर भांड्यात वाढवलेल्या भ्रूणांना जादा ग्लुकोज देऊन त्यात उद्भवणारी व्यंगे तपासली. मधुमेही मातेच्या बाळाला काय धोका संभवतो, ते समजून घेण्याचा हा स्वस्त आणि उघड मार्ग होता. यातल्या कुठल्याही कामाला कोट्यवधींची यंत्रे सुरुवातीला लागली नाहीत. गोंदियाच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांना हे जमण्यासारखे आहे आणि त्यांनी ते करावे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. सिकलसेल हा आजार गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्याला नवा नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी लॅन्सेटमध्ये लिहिले होते. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, बिघाड एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. सांधेदुखी, रक्तक्षय, वारंवार भरती होणे, हे एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून हा बिघाड आलेल्या, रुग्णांच्या घरच्यांना तोंडपाठ आहे. डोळ्याचे काय होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक वाहिन्या अशा पेशींनी बंद होतात. तिथला भाग प्राणवायूवाचून तडफडू लागतो. प्राणवायूचा तुटवडा ओळखून जनुके चालू करणारी एक यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. तिच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ सालचे नोबेल मिळाले. ही यंत्रणा जागी होते आणि व्हीईजीएफचा निरोप सुटू लागतो. भ्रूणात ज्या निरोपाने सुंदर झाड घडते, तोच इथे प्रौढ डोळ्यात, नको त्या जागी, अवेळी आलेला असतो. दृष्टिपटलाच्या कडेला पंख्याच्या आकाराचे, ठिसूळ भिंतीचे वाहिन्यांचे झुबके उगवतात. ते फुटले तर डोळ्यात रक्त उतरते, दृष्टिपटल ओढले जाऊन सुटू शकते. यांतले काही झुबके आपोआप मोडतात : सिकल पेशी त्यांच्या मुळाशीच अडकतात, प्रवाह थांबतो आणि झुबका वाळतो. भ्रूणातल्या छाटणीचाच नियम इथे चालतो. पण सगळेच मोडत नाहीत, आणि कोणता मोडेल यावर भरवसा ठेवून बसणे धोक्याचे आहे. लेझरने त्या भागावर उपचार करता येतात, आणि व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देता येतात. ही इंजेक्शने मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यांसाठीही वापरतात. अंड्यावर शंभर वर्षे झालेले काम या उपचारांच्या पायाशी आहे.

अडचण एवढीच की सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. नजर स्वच्छ असते, दुखत नाही, म्हणून कोणी डोळे दाखवायला जात नाही. सिकलसेलच्या मुलाची बाहुली मोठी करून डोळ्याची तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून करावी आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी करत राहावी, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे, गावोगाव रक्ततपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. लग्नाआधी दोघांची कार्डे पाहा, हे आशाताई घरोघर सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य सांगितले जावे. इथे बसलेले शिक्षक, डॉक्टर, आशा कार्यकर्त्या आणि महाविद्यालयातली मुले-मुली यांना माझी विनंती आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत, टोल्यावर एसएस कार्ड असलेले मूल असेल आणि त्याला दहावे वर्ष लागले असेल, तर या महिन्यात त्याच्या आईवडिलांना भेटा आणि त्याला गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जायला सांगा. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका; बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची कडा तपासा, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.